नोंदवहीतला 'गोखरू': एका ओळीत तीन झाडं

नोंदवहीत ओळ अशी होती:

"गोखरू. रानभाजी व औषधी. कोवळा पाला पावसाळ्यात खातात. काटे लघवीच्या त्रासावर. नदीकाठी, धुऱ्यावर भरपूर. मेंढरांना अपाय. शास्त्रीय नाव: ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस."

गाव नमुन्याचं धरलं आहे. यवतमाळ जिल्हा, वर्धा नदीचा काठ, खालच्या अंगाला काळी कन्हार आणि गाळपेर, वरच्या अंगाला मुरमाड बरड. बरडावर एक वेगळी वस्ती. 2002च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला लोक जैवविविधता नोंदवही करायची असते, तिच्यातली ही ओळ. आता ऑगस्टमधल्या रानभाजी महोत्सवासाठी याच ओळीवरून बचत गटाचा फलक रंगवायचा आहे. फलकावर मजकूर येणार: "गोखरू, कोवळा पाला, नदीकाठी भरपूर."

ओळीतलं प्रत्येक वाक्य ज्यानं सांगितलं त्याच्यापुरतं खरं आहे. ती सगळी एका नावाखाली बसली आणि त्यातून एक विषारी पाककृती तयार झाली, कारण जो गोखरू खातात तो नदीकाठी भरपूर नसतो आणि जो नदीकाठी भरपूर असतो तो खायचा नसतो.

ओळ कशी जमली

माहिती देणारे चौघं होते. बरडावरच्या वस्तीतली, दर पावसाळ्यात भाज्या खुडून बाजारात नेणारी एक मावशी. झाडपाला जाणणारे एक आजोबा. नदीकाठी पऱ्हाटी आणि तूर घेणारा एक कास्तकार. आणि दरवर्षी कळप घेऊन येणारा एक मेंढपाळ. नोंद घेणारा पोरगा शिकलेला, कामाचा, अक्षर सुरेख. त्यानं चौघांना चार वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला: "गोखरू माहीत आहे का?" चौघंही हो म्हणाले. मग त्यानं "त्याचा काय उपयोग?" असं विचारलं आणि उत्तरं एकाखाली एक लिहून घेतली.

चूक इथेच झाली, आणि ती पोराच्या आळसातून आलेली नाही. नोंदवहीच्या तक्त्यात एका नावाला एकच ओळ असते. नाव आधी लिहायचं, उपयोग पुढे भरायचा. तक्ता गृहीत धरतो की नाव एक म्हणजे झाड एक.

दुसरी चूक शास्त्रीय नावाच्या रकान्यात झाली, आणि ती जास्त महाग पडते. पोरानं छापील यादी काढली, "गोखरू" शोधलं, समोर ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस दिसलं, उतरवून घेतलं. यादी चुकीची नव्हती. पण तणांची यादी काढली असती तर तिथे त्याच शब्दापुढे झँथियम स्ट्रुमॅरियम सापडलं असतं, आणि तीही यादी चुकीची नव्हती. गावातला शब्द घेऊन पुस्तकातून लॅटिन नाव आणायचं म्हणजे झाड न बघताच त्याला आधारकार्ड देणं. त्या लॅटिन नावामुळे ओळ पक्की वाटायला लागते आणि पुढे कुणी शंका घेत नाही.

पारावरची दुरुस्ती

दुरुस्तीची बैठक पारावर झाली. चौघंही हजर, आणि अट एकच: आपापला गोखरू उपटून आणायचा, मुळासकट. तोंडी वर्णन चालणार नाही.

मावशीनं आणलेलं झाड जमिनीला चिकटून पसरणारं होतं. कास्तकारानं आणलेलं गुडघ्याएवढं उभं.

"आमचा गोखरू त भुईले चिपकून रायते. चिचेसारखा पाला," मावशी म्हणाली.

"थो त सराटा झाला ना मावशी. गोखरू म्हंजे बैलाच्या शेपटीले गुतते थो."

आजोबांनी दोन्हीकडे पाहिलं. "दोन्हीले गोखरूच म्हंतेत. लहान गोखरू अन् मोठा गोखरू."

लिहिणाऱ्यानं लगेच लिहिलं: लहान गोखरू म्हणजे मावशीचं, मोठा गोखरू म्हणजे कास्तकाराचं. अशा कामात हा खड्डा हमखास लागतो. आजोबांनी पिशवीतून जे काढलं ते तिसरंच होतं. बाजारात जडीबुटीच्या दुकानात "मोठे गोखरू" म्हणून मिळणारी चौकोनी, चार काट्यांची वाळलेली फळं. ते पेडॅलियम म्युरेक्स. त्यांच्या तोंडी "मोठा" हा दुकानातला शब्द होता, उंचीशी त्याचा संबंध नव्हता. आयुर्वेदाच्या व्यवहारात लहान गोखरू म्हणजे सराटा आणि मोठे गोखरू म्हणजे हे. लहान-मोठा, पांढरा-काळा, नर-मादी, रान-गावठी असली विशेषणं जोडून नाव सुटलं असं वाटतं, पण विशेषण कोण कशाला लावतो हे पुन्हा माणसागणिक बदलतं. म्हणून विशेषणावर भिस्त ठेवू नये. ते लिहून घ्यावं आणि पुढे झाडच बघावं.

नाव तिघांनाही पडलं यात नवल नाही. गोक्षुर या शब्दाचा अर्थ गाईच्या खुरासारखा असा लावा की खुरात रुतणारा असा लावा, शब्द काट्याच्या फळावरून आला. ज्याच्या पायात सराटा रुततो त्याच्या गावी सराटा गोखरू. ज्याचा दिवस जनावराच्या शेपटीतल्या गाठी सोडवण्यात जातो त्याच्या गावी ती गाठ गोखरू. पाने, फुले, कूळ यांच्याशी लोकांना देणंघेणं नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं. गावात ज्यानं शब्द उच्चारला तो स्वतः समोर उभा असायचा, आणि बोट दाखवून विषय संपायचा. कागदावर बोट दाखवता येत नाही.

तिन्ही झाडं जवळून

सराटा (ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस), म्हणजे मावशीचा गोखरू. फांद्या मधल्या सोटमुळापासून चहूकडे जमिनीलगत पसरतात. पानं समोरासमोर, चिंचेच्या पानासारखी जोडपानांची, बहुधा चार ते सात जोड्या. एक खूण नीट पाहण्यासारखी आहे: समोरासमोरच्या दोन पानांत एक मोठं आणि एक लहान असतं. कोवळ्या फांदीवर आणि पानाखाली रुपेरी लव. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, पानाच्या बगलेत एकेकटं. फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यावर दोन लांब व दोन आखूड काटे. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतो, म्हणून चपलेचा तळ आणि सायकलची ट्यूब दोन्ही जातात. बरड, रस्त्याची कड, आखर, खळ्याची जागा या कोरड्या, तुडवलेल्या जमिनीवर जोमात. रोप असतानाच ओळखू येतो: पहिली दोन बीजपत्रं लहान, जाडसर, टोकाला किंचित खाच असलेली, त्यानंतर येणारं पहिलंच पान जोडपानांचं.

झँथियम, म्हणजे कास्तकाराचा गोखरू. काही भागात याला शंकेश्वर म्हणतात. उभं झाड, गुडघ्यापासून कमरेच्या वर जाणारं. खोडावर जांभळट ठिपके. पानं एकाआड एक, त्रिकोणी ते हृदयाकृती, कडेला दाते, देठापाशी तीन ठळक शिरा. हात फिरवला तर पॉलिशपेपरसारखी खरखर. फळ दीड-दोन सेंटिमीटरचं, लांबट, अंगभर आकड्यासारखे वाकडे काटे आणि टोकाला दोन चोची. हेच फळ शेपटीत, लोकरीत, लुगड्याच्या काठात आणि कापसाच्या बोंडात अडकतं. ते पाण्यावर तरंगतं, म्हणून पूर ओसरला की नदी-नाल्याच्या काठावर जिथे गाळ बसला तिथे त्याची दाटी. फळात दोन बिया असतात; एक लवकर रुजते आणि दुसरी मागे राहते, कधी पुढच्या हंगामापर्यंत. त्यामुळे एकदा निंदण करून जागा मोकळी झाली असं समजू नये.

याचं रोप लक्षात ठेवायलाच हवं. दोन बीजपत्रं, दोन ते पाच सेंटिमीटर लांब, अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी, गुळगुळीत, मांसल, तजेलदार हिरवी. मोठ्या पानाचा खरखरीतपणा त्यांच्यात अजिबात नाही. सगळं रान नुकतंच हिरवं होत असताना ही रोपं गाळावर एकाला एक लागून उगवलेली दिसतात आणि भाजी खुडणाऱ्या हाताला ती अगदी भाजीसारखी वाटतात. खात्रीची खूण जमिनीखाली आहे. रोप बोटानं उकरून अलगद वर काढलं तर मुळाच्या सुरुवातीला मागच्या वर्षीचं काटेरी फळ पुष्कळदा अडकलेलं सापडतं. नुसतं वरून खुडलं तर ही खूण मातीतच राहते.

पेडॅलियम, म्हणजे आजोबांच्या पिशवीतला. तिळाच्या कुळातलं, वीतभर ते हातभर उंचीचं, रसाळ खोडाचं झाड. पान साधं, कडेला मोठे दाते. फूल पिवळं. फळ चौकोनी, तळाकडे चार कोपऱ्यांना चार काटे. ओली फांदी ग्लासभर पाण्यात मिनिटभर ढवळली की पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं बुळबुळीत घट्ट होतं. ही चाचणी एकदा केली की झाड विसरत नाही. समुद्राकाठच्या आणि कोरड्या वाळूच्या प्रदेशात ते जास्त. या गावाच्या शिवारात ते कुणालाच दाखवता आलं नाही, आजोबांनाही नाही. त्यांचा माल बाजारातून येत होता.

एक गोष्ट लक्षात घ्या. सराटा आणि झँथियम यांत नजरेला साम्य असं काही नाही. एक चिंचेच्या पानाचं सपाट झाड, दुसरं खरबरीत पानाचं उभं. दोन्ही बघितलेला माणूस घोटाळा करणार नाही. म्हणून "नीट ओळखून खा" हा इशारा इथे कुचकामी आहे. घोटाळा नावात आहे. नदीकाठच्या घरातली सून फलक वाचते, तिच्या माहेरी गोखरू म्हणजे शेपटीला गुंतणारा, आणि फलकावर सरकारी महोत्सवाचं नाव. ती बरोबर तेच झाड खुडते जे तिला बरोबर ओळखू येतं.

विष कुठे आणि किती

झँथियमच्या बियांत आणि बीजपत्रांच्या अवस्थेतल्या रोपात कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचं द्रव्य असतं. पेशीत ऊर्जा तयार होते त्या जागेचं दारच ते अडवतं. रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, यकृताच्या पेशी मरतात. खरी पानं फुटून रोप वाढायला लागलं की पानातलं हे प्रमाण घसरतं. बियांत मात्र ते टिकून राहतं. म्हणजे जी अवस्था सर्वांत कोवळी आणि खुडायला सोपी, तीच सर्वांत घातक. डुकरांत शरीराच्या वजनाच्या 0.75 ते 3 टक्के एवढी कोवळी रोपं खाल्ली तरी जीव जाऊ शकतो. 20 किलोच्या डुकराला हे 150 ते 600 ग्रॅम होतात. भाजीच्या मोठ्या जुडीचं वजन यापेक्षा फार वेगळं नसतं.

माणसांत काय होतं याचा पुरावा बांगलादेशातल्या सिल्हेटचा. 2007 साली पुरानंतर धान्याची टंचाई होती. लोकांनी तिकडे घागरा शाक म्हणतात ती रोपं, म्हणजे झँथियमचीच, भाजी म्हणून शिजवून खाल्ली. 76 जण आजारी पडले, 19 दगावले. उलट्या, मग सुस्ती, मग शुद्ध हरपणं. शिजवल्यानं विष गेलं नाही. "पहिलं पाणी फेकून द्या" ही रीत काही कडू भाज्यांना लागू असेल; इथे तिच्यावर विसंबू नये.

असं काही खाल्ल्याचा संशय आला तर उलटी सुरू होण्याची वाट पाहायची नाही. 108 ला फोन, नाहीतर मिळेल त्या गाडीनं रुग्णालय. सोबत उरलेली भाजी आणि त्या जागचं एक झाड मुळासकट पिशवीत न्यायचं, आणि डॉक्टरांना "गोखरू खाल्ला" एवढंच सांगायचं नाही. त्या शब्दावरून त्यांनाही सराटाच आठवेल. रक्तातली साखर तपासायला सांगायचं. यावर खास उतारा नाही. साखर सावरणं आणि यकृताकडे लक्ष ठेवणं एवढाच उपचार, आणि तो जितका लवकर तितका बरा.

आता मेंढरांना अपाय. हे वाक्य वाचून सगळ्यांनी ते झँथियमच्या खात्यात टाकलं, आणि झँथियमची रोपं जनावरांना मारतात हे खरंच आहे. पण मेंढपाळ सांगत होता ते वेगळं होतं: मेंढीचं तोंड आणि कान सुजतात, कातडं सोलतं, ऊन सहन होत नाही. हे लक्षण सराट्याचं आहे. दक्षिण आफ्रिकेत सराटा, विशेषतः कोमेजलेला सराटा, चरलेल्या मेंढ्यांना होणाऱ्या या रोगाला "पिवळं जाड डोकं" अशा अर्थाचं नाव आहे. यकृत बिघडतं, पानातल्या हरितद्रव्यापासून बनलेला पदार्थ शरीराबाहेर पडत नाही, आणि कातडीवर ऊन पडलं की ती भाजल्यासारखी होते. तेव्हा अपायाचं ते एक वाक्यसुद्धा दोन झाडांत वाटून द्यावं लागलं. मेंढपाळाला तिसऱ्यांदा "नेमकं काय होतं?" असं विचारलं नसतं तर हे निसटलं असतं.

ओळ फोडायची रीत

पहिलं, प्रश्न बदलायचा. "गोखरू माहीत आहे का?" याला नकार कुणीच देत नाही. त्याऐवजी: कुठे उगवतो, मृगात दिसतो की पोळ्यानंतर, कोणता भाग घेता, त्याला तुमच्याकडे आणखी काय म्हणतात, माहेरी काय म्हणत होते. हा शेवटचा प्रश्न बायकांना आवर्जून विचारावा. लग्नानं गाव बदललेल्या बाईकडे दोन गावांचे शब्द असतात आणि दोन्हीतला फरक तिला पाठ असतो.

दुसरं, माणसं आधी वेगवेगळी विचारायची आणि मग एकत्र बसवायची. उलटं केलं तर ज्याचा आवाज मोठा त्याचा गोखरू नोंदवहीत जातो. पारावर तो आवाज बहुधा कास्तकाराचा असतो आणि भाजीची माहिती बहुधा मावशीकडे.

तिसरं, झाडाला क्रमांक द्यायचा, नावाला नाही. वहीत ओळ क्रमांकाची असते. नावं तिच्या पोटात. प्रत्येक नावापुढे बोलणाऱ्याची वस्ती, बोली (वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, जी असेल ती) आणि तो त्या झाडाचा कोणता भाग वापरतो हे लिहायचं. शब्द जसा उच्चारला तसाच लिहायचा. "शुद्ध" करायचा नाही. कोणी "गोकरू" म्हणालं तर गोकरू.

चौथं, नमुना. प्रत्येक क्रमांकाचे तीन नमुने, फूल किंवा फळ असलेले, मूळ शक्य तिथे सोबत. वर्तमानपत्राच्या घडीत पसरवून, दोन्हीकडे पुठ्ठे, वर विटा किंवा दोरीनं आवळलेल्या दोन फळ्या. पावसाळ्यात कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदलायचा, पुढे एक दिवसाआड. इथे आळस केला की तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि नमुना फेकावा लागतो. झँथियमची फळं जाड असल्यानं पान नीट दाबलं जात नाही; फळं कापून कागदाच्या पुडीत वेगळी ठेवायची आणि पुडीवर तोच क्रमांक. वाळलेला नमुना साधारण 42 बाय 28 सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवायचा. चिठ्ठीत तारीख, जागा (शेताच्या नावासकट), जमीन, उंची, फुलाचा ओला रंग आणि सांगणाऱ्याचे शब्द. रंग लिहायला विसरू नका. महिन्यानं पिवळं फूल तपकिरी झालेलं असतं. यातला एक नमुना जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवायचा आणि शास्त्रीय नावाचा रकाना तिकडून उत्तर येईपर्यंत कोरा ठेवायचा. कोरा रकाना लाजिरवाणा वाटतो खरा, पण चुकीच्या नावापेक्षा बरा.

पाचवं, फोटो. एका झाडाचे पाच: जागा दिसेल असं पूर्ण झाड, पानाची वरची बाजू, पानाची खालची बाजू, फूल, फळ. शेजारी आगपेटी किंवा नाणं ठेवायचं म्हणजे माप कळतं. मोबाइलमधल्या झाड ओळखणाऱ्या अॅपला नुसतं पान दाखवलं तर ते काहीतरी नाव देतंच. ते नाव पेन्सिलीनं लिहावं.

आणि आजोबांच्या औषधाबद्दल: किती काटे, कशात उकळायचे, कोणाला द्यायचे हे त्यांनी लिहू नका म्हटलं तर लिहायचं नाही. नोंदवहीत त्यांचं झाड असावं, त्यांचा हातखंडा तिथे असलाच पाहिजे असं नाही.

फोडलेल्या ओळी

एका ओळीच्या जागी आता दोन ओळी आणि एक तळटीप झाली.

क्रमांक 41. सराटा, बरडावरच्या वस्तीत गोखरू. बरड, आखर, रस्त्याची कड. फळ धरण्यापूर्वीचे कोवळे शेंडे भाजीला. फळं औषधात, दशमुळातल्या लघुपंचमुळांत येतो तो हाच गोक्षुर. कोमेजलेला पाला मेंढरांना अपायकारक.

क्रमांक 42. गोखरू, काहीजण शंकेश्वर. नदीकाठ, गाळपेर, नाल्याजवळचे धुरे. खाण्यात नाही. रोप व बी माणसांना आणि जनावरांना विषारी. निंदणात फळ धरण्याआधी काढावं.

तळटीप: "मोठे गोखरू" ही बाजारातून येणारी वाळकी फळं. शिवारात झाड आढळलं नाही, म्हणून क्रमांक नाही.

फलकाचा मजकूरही बदलला. "गोखरू" हा शब्द त्यावरून पूर्ण काढला. यावर थोडी कुरकुर झाली, कारण गोखरू म्हटलं की औषधी वाटतं आणि भाजीला गिऱ्हाईक येतं. सराटा म्हटलं की पायातला काटा आठवतो. पण नियम सरळ आहे: ज्या नावाखाली एक खाण्याचं आणि एक विषारी झाड येतं ते नाव भाजीवर लावायचं नाही. मग फलक असा झाला: "सराट्याची भाजी. जमिनीवर पसरणारं, चिंचेच्या पानासारखं पान, पिवळं फूल." समोर काचेच्या ग्लासात एक पूर्ण झाड मुळासकट, आणि विकायच्या प्रत्येक जुडीत फूल किंवा हिरवं फळ असलेली एक तरी काडी. सराटा रुजल्यावर महिन्याभरात फुलतो, त्यामुळे ती काडी मिळायला अडचण नाही. भाजीची कृती मावशीचीच: दोन मुठी शेंडे, स्वच्छ धुऊन बारीक चिरलेले, अर्धी वाटी भिजवलेली तुरीची डाळ, पाच-सहा लसूण पाकळ्या, तिखट, मीठ. फळ धरलेली फांदी घेतली तर कितीही शिजवा, काटा दाताखाली येतो.

नोंदवहीतली बाकी नावं

हीच वही पुढे चाळली तर अशी आणखी नावं आहेत, पण सगळ्यांना एवढी मेहनत लागत नाही. अंबाडी हे नाव दोन झाडांना आहे: तागासारखा वाख देणारी आणि लाल बोंडांची. दोन्हीचा पाला आंबट, दोन्हीची भाजी होते, कोणाचं काही बिघडत नाही. तिथे एक टीप पुरे.

कुडा मात्र फोडायला हवा. पांढरा आणि काळा कुडा ही दोन वेगळी झाडं. जुलाबावर साल वापरतात ती पांढऱ्याची. काळ्याच्या शेंगा जोडीनं लोंबतात आणि सुरुवातीला टोकाशी एकमेकींना चिकटलेल्या असतात, पांढऱ्याच्या सुट्या. साल सोलून सुकवली की ही खूण हरवते, म्हणून नमुना शेंगेसकटच.

तरोटा आणि कासविंदा यांची ओळ गोखरूच्या खालोखाल तातडीची. तरोट्याची कोवळी भाजी पावसाळ्यात घरोघर होते. त्याला जोडपानांच्या तीन जोड्या आणि पानाचं टोक गोलसर. कासविंद्याला जोड्या जास्त, पान टोकदार, चुरगाळलं की घाणेरडा वास. कासविंद्याच्या शेंगा खाल्ल्यानं पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलं दगावली आहेत. काही ठिकाणी यालाही रानटाकळा म्हणतात, आणि टाकळा म्हणजे तर आपला तरोटाच. हे दोन शब्द एकाच घरात येऊन पडले की पुन्हा तेच.

शंखपुष्पी, ब्राह्मी, भुईआवळा यांचे वाद वैद्यांच्या पुस्तकांतच जुने आहेत. तिथे गावानं निकाल लावायला जाऊ नये. इथे कोणतं झाड वापरतात तेवढं नमुन्यासह लिहावं.

गोखरूच्या ओळी पारावर वाचून दाखवल्या तेव्हा मावशीनं 41 ला मान डोलावली, कास्तकारानं 42 ला. मेंढपाळाच्या वाक्यापुढे मात्र पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. लक्षणं सराट्याची वाटतात, पण आजारी मेंढीनं त्या दिवशी नेमकं काय चरलं होतं हे कुणी पाहिलेलं नाही. पुढच्या आर्द्रात कळप बरडावर येईल तेव्हा तोंड सुजलेली पहिली मेंढी दिसताच ती चरली त्या जागेचे फोटो आणि तिथलं प्रत्येक झाड एकेक काडी, असं त्याच्याशी ठरलं आहे. वर्तमानपत्रांची रद्दी समितीनं द्यायची.